पेन्सिलीची फुली

माझा धाकटा भाऊ मला कागद वाचायला देत नसे, फुली देत असे. कागदाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने काढलेली बारीकशी फुली. "ताई, फुलीवर सही कर." मी विचारायचे, "काय आहे रे?" उत्तर ठरलेलं, "वाचायचं काय त्यात? घरचंच आहे." मग मी चहाचा कप बाजूला सरकवून सही ठोकायचे.

अशा रीतीने मी एकतीस वर्षं बिजागऱ्या बनवणाऱ्या कंपनीची संचालक आहे. कंपनी सुरू करताना दोन नावं लागत होती. एक त्याचं झालं, दुसऱ्यासाठी मी सापडले. त्याचं लग्न तेव्हा व्हायचं होतं, नाहीतर माझा नंबर लागला नसता. आणि गंमत बघा, माझी सगळी नोकरी छापखान्यात प्रूफं तपासण्यात गेली. भल्याभल्या लेखकांना मी एका काना-मात्रेसाठी रडवलंय. भावाचा कागद मात्र एकदाही वाचला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

माझी भाची कारखाना चालवते. तिला मी मुकादम म्हणते, आणि ते तिला आवडतं. सकाळी सातला ती प्रेस मशीनपाशी उभी असते, आणि बिजागरी नुसती उघडमीट करून पिन किती सैल आहे ते सांगते. तिचा धाकटा भाऊ, आमचे बाळराजे, संचालक मंडळावर आहेत. अकराला येतात, कारखान्यात फार आवाज आहे म्हणतात आणि बाराला जातात. पोरगं वाईट नाही. लाडावलेलं आहे, एवढंच.

मुकादम एका रविवारी माझ्याकडे आली आणि पायातल्या चपलाही न काढता दारातच म्हणाली, "आत्या, बाबा धाकट्याला व्यवस्थापकीय संचालक करतायत. माझ्या डोक्यावर तो बसणार असेल तर मी चालले. कुलुपांच्या कारखान्यातून बोलावणं आलंय. पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचंय."

"बाबांशी बोललीस?"

"बोलले. म्हणाले, तुझ्याशिवाय इथलं पान हलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तुला वेगळं पद कशाला? त्यालाच काहीतरी द्यायला हवं." बोलता बोलता तिचा आवाज फाटला. ती कारखान्यात आल्यापासूनच्या सात वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं, आणि माझं टाळकं फिरलं.

ही पदांची भानगड निघाली कुठून, तर दारं बनवणारी एक मोठी कंपनी आमच्या बिजागऱ्या घ्यायला तयार झाली होती. त्यांची अट एकच, घरगुती कारभार चालणार नाही. अध्यक्ष एक आणि व्यवस्थापकीय संचालक दुसरा हवा. आजवर दोन्ही खुर्च्यांवर माझा भाऊच बसायचा. शिवाय एक स्वतंत्र संचालक हवा, म्हणजे ज्याचा कुणाशी लागाबांधा नाही असा. भावाने निवृत्त दाताचे डॉक्टर आणले. ते रोज सकाळी त्याच्याबरोबर फिरायला जातात आणि त्याच्या प्रत्येक मताशी स्वतंत्रपणे सहमत होतात. आणि हे सगळं नियमात बसवायला एक सेक्रेटरीबाई नेमल्या. ठेंगण्या, शांत, केसात कायम पेन खोचलेलं.

या सेक्रेटरीबाईंनी एक घोडचूक केली. बैठकीच्या चार दिवस आधी त्यांनी सगळ्यांना पाकिटं पाठवली, तसं मलाही पाठवलं. नियमावली, ठरावाचा मसुदा, नेमणुकीच्या पत्राचा मसुदा, सगळं होतं. फुल्या नव्हत्या. आमच्या घरची पद्धत त्या बिचारीला कोण सांगणार?

सही कुठे करायची ते शोधायला मी चष्मा लावला. दोन पानं उलटली आणि मग उठलेच नाही. स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. गॅस बंद करून पुन्हा येऊन बसले.

नियम चोवीस. एखाद्या नेमणुकीत ज्याचा स्वतःचा किंवा जवळच्या नातेवाइकाचा संबंध असेल, त्याने त्या विषयापुरतं खोलीबाहेर जायचं. आता जवळचे नातेवाईक कोण? नवरा, बायको, आईवडील, मुलं. बस्स. बहीण नाही, आत्या नाही. मला आठवलं, वहिनीची गोदामाची जागा कंपनीला घ्यायची होती तेव्हा परक्या माणसाची सही हवी होती. तेव्हा भावाने वकिलाकडून हा नियम लिहून घेतला होता आणि मला परकी केलं होतं. खाली माझीच सही होती, फुलीच्या वर, गोलमटोल.

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? त्याच्या शाळेच्या पहिल्या दिवशी त्याचं बोट धरून गेले होते मी. मग नियम चोवीस पुन्हा वाचला आणि हळूहळू मला हसू यायला लागलं. परकी तर परकी.

बैठक शुक्रवारी सकाळी दहाला होती. आमची बैठकीची खोली कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. खालून प्रेसचा दणका बसतो तसे टेबलावरचे पेले किणकिणतात. दाराची बिजागरी आमच्याच कंपनीची आहे आणि ती कुरकुरते. टेबलाच्या टोकाला भाऊ, एका बाजूला वहिनी (त्याही संचालक) आणि बाळराजे, दुसऱ्या बाजूला मी आणि डॉक्टर. बाळराजेंच्या समोर एक नवीकोरी पेटी होती. मला लांबूनच दिसलं, व्हिजिटिंग कार्डं. नावाखाली 'व्यवस्थापकीय संचालक' छापूनही झालं होतं. बाजारात तुरी म्हणतात ना, तसं.

सेक्रेटरीबाईंनी आधी समजावून सांगितलं, "अध्यक्षांनी मंडळ चालवायचं. व्यवस्थापकीय संचालकांनी कंपनी चालवायची. बाकीच्या संचालकांनी दोघांना प्रश्न विचारायचे."

"म्हणजे मीही?" मी विचारलं.

"हो, तुम्हीही."

"एकतीस वर्षांचे साठलेत," मी म्हटलं. डॉक्टर हसले. भावाने घड्याळ पाहिलं.

मग तो विषय आला. सेक्रेटरीबाईंनी नियम चोवीस वाचला आणि अतिशय अदबीने म्हणाल्या, "साहेब, या विषयाला तुम्ही, बाईसाहेब आणि धाकटे साहेब, तिघांनी बाहेर थांबायला हवं. ठराव घ्यायला दोन संचालक पुरतात."

वहिनी गोंधळल्या. "आम्ही बाहेर? मग आत कोण?"

"ताई आहे, डॉक्टर आहेत," भाऊ उठत म्हणाला. "अगं, नियम म्हणजे नियम. दोन मिनिटांचं काम." ठरावाचा कागद त्याने माझ्यापुढे सरकवला. त्यात नावाची जागा कोरी होती. नाव लिहायची गरज कुणाला वाटली नव्हती. जाता जाता त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि खाली फुली मारली. "ताई, इथे. नाव सेक्रेटरीबाई भरतील." पेन्सिल टेबलावरच विसरून तो गेला. दार कुरकुरत बंद झालं.

खोलीत आम्ही तिघं उरलो. सेक्रेटरीबाईंनी केसातलं पेन काढलं. "या विषयापुरता एक अध्यक्ष निवडायचा असतो," त्या म्हणाल्या.

"डॉक्टर, तुम्ही होता?" मी विचारलं.

"छे छे! मला कशाला त्या भानगडीत? तुम्हीच व्हा."

"नक्की?"

"नक्की, नक्की."

"सेक्रेटरीबाई, लिहून घ्या," मी म्हटलं. "आणि डॉक्टरांना नियम अठरा वाचून दाखवा."

नियम अठरा असा होता, की मतं समसमान पडली तर त्या वेळच्या अध्यक्षाचं मत दोनदा मोजायचं. डॉक्टरांनी बिस्किट हातातच धरलं. त्यांच्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला.

"ताई, तुम्ही कुणाचं नाव घालणार आहात?"

"मुकादमचं."

"अहो, पण तो माझा मित्र आहे! उद्या सकाळी त्याच्याबरोबर फिरायला जायचंय मला."

"जा की. तुम्ही खुशाल बाळराजेंना मत द्या. एकास एक होईल, माझं दुसऱ्यांदा मोजलं जाईल. मित्राला सांगा, मी जिवाचं रान केलं पण तुझ्या बहिणीपुढे कुणाचं चालत नाही. त्याला पटेल."

मला वाटलं, सुटल्यासारखं होईल त्यांना. झालं उलटंच. त्यांनी बिस्किट खाली ठेवलं आणि चेहरा लाल झाला. "म्हणजे माझ्या मताला किंमतच नाही?"

"आजवर माझ्याही मताला नव्हती. सवय होते."

दार किंचित कुरकुरलं. म्हणजे बाहेरून कुणीतरी कान लावला होता. "अजून चाललंय!" मी ओरडले. कुरकुर थांबली.

डॉक्टर खुर्चीत सरसावले. "त्या दोघांचे दुधाचे दात मी काढलेत," ते म्हणाले. "पोरगी आली, खुर्चीत बसली, विचारलं, किती वेळ लागेल? आणि तोंड उघडलं. पोराला चौघांनी धरलं होतं, तरी माझ्या बोटाला चावला." त्यांनी तर्जनी पुढे केली. खरंच, पेराजवळ एक पांढरा वण होता. "लिहून घ्या, सेक्रेटरीबाई. मी स्वतंत्र संचालक आहे. माझं मत पोरीला."

त्या म्हाताऱ्याच्या गालाचा मुका घ्यावा असं मला वाटलं. घेतला नाही, कारण सगळं लिहून घेतलं जात होतं.

सेक्रेटरीबाईंनी कोऱ्या जागेत नाव भरलं. एवढ्या सुबक अक्षरात मी कुणाचं नाव लिहिलेलं पाहिलं नाही. मग त्यांनी नेमणुकीच्या पत्रातही तेच नाव भरलं. मी ठराव पहिल्या शब्दापासून वाचला आणि सही केली. फुलीवर नाही, तिच्या शेजारी. मग भावाची पेन्सिल उचलली आणि नेमणुकीच्या पत्राच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, बारीकशी फुली काढली.

तिघं आत आले. सेक्रेटरीबाईंनी निर्णय वाचून दाखवला. वहिनींनी आधी बाळराजेंकडे पाहिलं, मग कार्डांच्या पेटीकडे. "आणि या पाचशे कार्डांचं काय करायचं?"

"मागची बाजू कोरी आहे, वहिनी," मी म्हटलं. "सामानाच्या याद्या होतील."

बाळराजेंनी खांदे उडवले. "म्हणजे मला सातला यायला लागणार नाही ना?" कुणी उत्तर देण्याआधीच त्यांचा चेहरा खुलला.

भाऊ मात्र उभाच होता. "डॉक्टर, तुम्हीसुद्धा?"

"मी स्वतंत्र आहे," डॉक्टर म्हणाले आणि बिस्किट उचललं.

"ताई, हे तू मुद्दाम केलंस."

"हो. नियम तूच लिहून घेतलेला. तुझ्या कागदावर मी परकी आहे ना? मग परक्या माणसाने निष्पक्षपणे निर्णय दिला." त्याला ते लागलं. तो खाली बसला. खालून प्रेसचा दणका आला, पेले किणकिणले.

"तू अध्यक्ष राहतोसच," मी म्हटलं. "आणि पोरगी सोमवारी कुलुपांच्या कारखान्याला होकार कळवून जाणार होती, ती आता जाणार नाही."

"जाणार होती?" त्याने वर पाहिलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. विचारणार कोण?

मी नेमणुकीचं पत्र त्याच्यापुढे सरकवलं. "अध्यक्षांची सही लागते. फुलीवर कर."

त्याने खिसे चाचपले. "चष्मा गाडीत राहिला. काय लिहिलंय यात?"

"वाचायचं काय त्यात?" मी म्हटलं. "घरचंच आहे."

त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, लहानपणी चोरी पकडली की व्हायच्या तशा. मग त्याने पेन घेतलं आणि फुलीवर सही केली.

मी पत्र घेऊन जिना उतरले. मुकादम प्रेसपाशी होती. मला पाहून तिने मशीन थांबवलं, हात फडक्याला पुसले आणि पत्र हातात घेतलं. वरचं नाव पाहून तिने मान फिरवली. मी पाठीवर हात ठेवला आणि वाट पाहिली.

"खाली तुझी सही हवी," मी म्हटलं. "पण आधी वाच."

ती वाचायला लागली. हळूहळू तिच्या भुवया वर चढल्या. "स्वतंत्र केबिन? नवी गाडी? वर्षातून दोनदा परदेशातले कारखाने बघायला जायचं? कामाची वेळ... सोयीनुसार? आत्या, या अटी कुणी लिहिल्या?"

"तुझ्या बाबांच्या सांगण्यावरून वकिलाने. बाळराजेंसाठी. नाव तेवढं कोरं ठेवलं होतं."

ती फस्सकन हसली. मग शेवटच्या कलमावर तिचं बोट थांबलं. "नेमणूक पाच वर्षं. पाचही संचालकांच्या सह्यांशिवाय रद्द करता येणार नाही." तिने वर पाहिलं. "बाबांनी हे वाचलं?"

"नाही."

"मग उद्या वाचतील. चिडतील. पाच सह्या गोळा करायला निघतील."

"चार मिळतीलही," मी म्हटलं. "पाचवी माझी. आणि मी आता वाचल्याशिवाय सही करत नाही."