दोन कुलपांचं दार

दोन भांडकुदळ वस्त्यांमधल्या बायकांसाठी एका संस्थेने शिवणकामाचा कारखाना काढला, पण विश्वास कुणाचाच कुणावर नव्हता. म्हणून दाराला दोन कुलपं. एक किल्ली अलीकडच्या वस्तीतल्या शिंपिणीकडे, दुसरी पलीकडच्या काजेवालीकडे.

काल वस्त्यांमध्ये पुन्हा दगडफेक झाली. सकाळीच शिंपिणीचा दीर दारात हजर.

"वहिनी, किल्ली द्या. बघतोच कारखाना कसा चालतो!"

तिने किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि कामाला निघाली. तो मिशीला पीळ देत मागोमाग गेला. पाहतो तर दोन्ही कुलपं उघडी, आणि आत काजेवालीचं मशीन खडखडतंय.

"हे उघडलं कुणी?"

"तिनेच. पहिल्याच आठवड्यात आम्ही एकमेकींच्या किल्लीची डुप्लिकेट करून घेतली. संस्थेलाही पत्ता नाही." शिंपीण मशीनवर बसली. "आता दारातून हला भावजी, उजेड अडतोय."