पावियाच्या मापाची होडी

खर्र, खर्र. घरात कुणीच बोलत नसताना चरबी खरवडण्याचा आवाज येतो आणि दाराबाहेरच्या मांडवावर मला कळतं, आज माझा दिवस आहे.

मित्रांनो, मी ग्रीनलंडच्या काठावरची, सीलच्या कातड्याची एक जुनी होडी आहे. पावियाने मला स्वतःच्या मापाने घडवलं : लांबीला त्याचे तीन वाव, म्हणजे दोन्ही हात पसरून तीनदा, रुंदीला त्याच्या कमरेहून दोन मुठी जास्त. त्याच्या बायकोने, इवालूने, ओली कातडी एका दिवसात शिवून काढली. "पोट सुटलं तर नवी होडी मागू नकोस," ती म्हणायची, "ती शिवायला नवी बायको शोध."

माझ्या शिवणीतून कधी थेंब आत आला नाही. समुद्रातले प्राणी मोजायला दूरदेशीचे पाहुणे येत, त्यांच्या बोटीपुढे वाट दाखवायला आम्ही असायचो. लांब सुळ्याचे देवमासे जवळ आले, की पाविया वल्हं मांडीवर ठेवायचा. त्यांच्या श्वासाचे तुषार माझ्या अंगावर पडायचे, इतकी मी गप्प राहायची. पाहुणे माझं फार कौतुक करत.

त्या सकाळी पाविया एकटाच निघाला. पाणी फार गार होतं. इवालूला राहवेना, तिने मला नेहमीच्या दुप्पट चरबी चोळली. देवमाशांचा कळप नीट दिसावा म्हणून पाविया बर्फाच्या लादीवर चढला, मला वर ओढलं, पण दोरी बांधली नाही. एरवी मी जागची हलत नसे. त्या दिवशी ताज्या चरबीने घसरले. तो हाका मारत राहिला. मग धुकं आलं. चौथ्या दिवशी मी एकटीच काठाला लागले.

हे मला इवालूला सांगता येत नाही. येत असतं, तरी सांगितलं नसतं.

दोन उन्हाळे गेले. दर आठवड्याला ती मला चरबी लावते. आज तिचा दीर तोबियास आला. पावियाच्या रिकाम्या थडग्यावर दगड रचून झालेत, म्हणाला. माणसाची होडी त्याच्यापाशीच ठेवायची आपली रीत आहे. "वहिनी, आता पुरे कर."

"उद्या ने," इवालू म्हणाली. पण चोळणारा हात थांबला नाही.

मित्रांनो, आपल्या माणसाला नेणाऱ्या-आणणाऱ्या वस्तूला जपा. आणि कितीही घाई असो, दोरी बांधा.

त्यांची पाच वर्षांची लेक पिपालुक माझ्या बैठकीत पाय सोडून बसली होती. तिने आईकडे पाहिलं.

"आई, होडी तिकडे ठेवली, तर बाबा आल्यावर तिला कुठे शोधतील?"