पैलवानाचं मशीन आणि आप्पांचे कान

सोमवारी दुपारी हॉस्पिटलच्या हिरवळीच्या बरोबर मध्यावर गवत कापायच्या मशीनने मान टाकली. न्हाव्याने अर्धी दाढी करून गिऱ्हाईक उठवून द्यावं, तशी ती हिरवळ दिसत होती. मेकॅनिकने इंजिन उघडलं, आत डोकावला आणि झाकण परत लावलं. कळायचं ते सगळ्यांना कळलं. हॉस्पिटलच्या व्यवस्थापकाने शुक्रवारपर्यंतची मुदत दिली. तोवर उरलेलं गवत कापा, नाहीतर मी दुसरं कोणी बघतो, हे त्याने इतकं गोड हसून सांगितलं की थोरलीने त्या हसण्याचीच धास्ती घेतली.

थोरली म्हणजे आप्पांची थोरली मुलगी. गवत कापायचा धंदा आप्पांनी उभा केला, पण गेली सहा वर्षं तो थोरलीच चालवत होती. कामं ती धरायची, माणसं ती सांभाळायची, मशीनवरही तीच बसायची. आप्पांकडे एकच खातं उरलं होतं, मशीन पारखायचं. त्यात मात्र कोणी लुडबूड करायची नाही. चाळीस वर्षांत आप्पांनी एकही नवं मशीन घेतलं नव्हतं. सगळी जुनी, आणि सगळी कानाने निवडलेली. इंजिन चालू करायला सांगायचं, डोळे मिटायचे, मान जराशी कलती करायची आणि निकाल द्यायचा. याचा पट्टा सैल आहे. याची पाती एका बाजूने झिजलीत. उघडून बघावं तर अगदी तस्संच. गावाबाहेरून लोक आप्पांना मशीन ऐकायला बोलवायचे, येण्याजाण्याचा खर्च देऊन.

म्हणूनच कामावर असताना आप्पांनी कान कधी झाकले नाहीत. थोरली कानांवर जाड गोल झाकणं चढवून मशीनवर बसायची, तेव्हा ते म्हणायचे, कान बांधून गवत कापणं म्हणजे डोळे बांधून वाचणं. मशीन काय बोलतंय ते ऐकू यायला नको? तर ऐकू यावं म्हणून त्यांनी चाळीस वर्षं कान उघडे ठेवले, आणि उघडे ठेवले म्हणूनच कान गेले. दोन वर्षांपासून त्यांच्या टीव्हीवरच्या बातम्या शेजारी फुकटात ऐकत होते. आई हाक मारायची सोडून बाहेर येऊन त्यांच्या खांद्याला हात लावायची. पण विषय कोणी काढायचा नाही. घरात सगळी अळीमिळी गुपचिळी.

मंगळवारी थोरली शोरूममध्ये जाऊन आली. तिथे नवं कोरं, बसून चालवायचं मशीन उभं होतं. दोन वर्षांची गॅरंटी, सीट अशी की घरच्या सोफ्याला लाज वाटावी. फक्त त्याचे हप्ते तीन वर्षं चालणार होते, आणि तेवढ्या काळात हाताखाली आणखी एक माणूस ठेवायचा विचार विसरायचा होता. तिने घरी येऊन हे सांगितलं तर आप्पांनी मांडीवर थाप मारली. म्हणाले, नवं कशाला, पैलवान त्याचं विकतोय. सहा वर्षं जुनं, निम्म्या किमतीत. उद्या जाऊन ऐकून येऊ.

पैलवान हा आप्पांचा जुना प्रतिस्पर्धी. अंगाने काडी, म्हणून नाव पैलवान. दोघांनी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवत आयुष्य काढलं, आणि दोघांचं एकमेकांवाचून पानही हलत नव्हतं. आता पैलवानाच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता आणि तो धंदा बंद करत होता.

बुधवारी सकाळी आप्पा आणि थोरली त्याच्या शेडमध्ये पोचली. मशीन धुऊनपुसून उभं होतं. थोरलीने इंजिनवर हात ठेवून पाहिला. गार. म्हणजे चटकन सुरू व्हावं म्हणून आधीच तापवून ठेवण्याची लबाडी नव्हती. पैलवानाने किल्ली फिरवली, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मग त्याने पाती चालू केली, आणि थोरलीच्या दातांत कळ गेली. पत्र्याच्या झाकणाखालून अशी किंचाळी येत होती की शेडच्या छपरावरची कबुतरं उडाली.

आप्पांनी डोळे मिटले. मान कलती केली. पुरता मिनिटभर ते तसे उभे राहिले आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"वा," ते म्हणाले. "सुरेल आहे."

"घड्याळासारखं चालतं," पैलवान म्हणाला, आणि त्याने पाती बंद करून अभिमानाने मशीनच्या पाठीवर थाप मारली.

थोरलीला आधी पैलवानाचा राग आला. चाळीस वर्षांच्या ओळखीत माणूस असा तोंडावर फसवतो म्हणजे काय? पण रागापेक्षा भीती मोठी होती. गप्प बसावं तर हे किंचाळणारं धूड गळ्यात पडणार आणि ऐन हंगामात मध्येच बसणार. बोलावं तर पैलवानासमोर, त्याच्याच शेडमध्ये, आप्पांना सांगावं लागणार की तुमचे कान गेले. धंदा परत उभा करता येतो. आप्पांना परत उभं कसं करायचं, ते तिला माहीत नव्हतं.

"आम्ही जरा बोलून येतो, काका," असं मोठ्याने सांगून तिने आप्पांना दंडाला धरून बाहेर आणलं आणि गाडीत बसवलं. काचा वर केल्या. नवंच घेऊ, म्हणाली. गॅरंटी सांगितली, सीट सांगितली, सुटे भाग लगेच मिळतात ते सांगितलं. हप्त्यांचं बघता येईल, असंही म्हणाली. मुलगी खोटं बोलायला लागली की यादी करते, हे आप्पांना ती पाच वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"नवं काय, कोणीही घेतं," ते शेवटी म्हणाले. "दुकानात जायचं, सही करायची, घेऊन यायचं. त्याला मी कशाला लागतो?"

गोष्ट हप्त्यांची नव्हतीच. नवं मशीन घरात आलं की आप्पांचं शेवटचं खातं बंद होणार होतं. थोरलीने स्टिअरिंग घट्ट धरलं, समोरच्या कुंपणाकडे बघितलं, मग लक्षात आलं की तिकडे तोंड करून बोललेलं त्यांना कळणार नाही. ती त्यांच्याकडे वळली.

"आप्पा, ते मशीन किंचाळतंय. पाती चालू केल्यापासून."

आप्पांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत लावला. थोरलीला वाटलं, आता दार उघडून चालत घरी जातील.

"किंचाळत असेल," ते म्हणाले. "मला हल्ली सगळीच मशीनं सुरेल लागतात." मग जरा थांबून म्हणाले, "मागच्या वर्षी मशीन ऐकायला बोलावलेल्या दोघांना तसंच सांगितलं. घ्या म्हणून. त्यांची चांगली निघाली ते त्यांचं नशीब. तेव्हापासून धास्तीच घेतलीय मी. आपलं मशीन बंद पडलं ना सोमवारी, तेव्हा पहिलं हेच मनात आलं. आता परत ऐकायला जावं लागणार."

"मग सांगितलं का नाही?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

थोरली हसली की रडली, ते तिचं तिलाच कळलं नाही. आप्पांनी रुमाल तिच्याकडे दिला आणि सीटवर मागे टेकले. दोन वर्षांचं ओझं उतरलेला माणूस जसा टेकतो तसे ते टेकले होते. पण गवतवाल्याची जात ती. अर्ध्या मिनिटात ते परत ताठ बसले.

"किंचाळतंय म्हणजे कसं? शिट्टीसारखं, का दळणासारखं?"

"शिट्टीसारखं. बारीक, सलग."

"मध्ये ठोका पडतोय? खट्‌ खट्‌?"

"नाही."

"आणि पाती बंद केली की?"

थोरली विचारात पडली. पैलवानाने पाती बंद केली होती आणि इंजिन चालूच होतं, तेव्हा कबुतरं परत छपरावर येऊन बसली होती. "बंद झालं," ती म्हणाली. "एकदम शांत."

"मग इंजिन ठणठणीत आहे, वेडाबाई," आप्पा म्हणाले. "ती पट्ट्याच्या चाकातली बेअरिंग. मूठभर वस्तू, अर्ध्या तासाचं काम. ठोका असता तर मी तुला इथूनच घरी नेलं असतं." आणि गाडीचं दार उघडून ते तिच्याआधी शेडकडे निघाले. इतकं भराभर चालताना तिने त्यांना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

शेडमध्ये जाऊन आप्पांनी भीडभाड ठेवली नाही. पैलवानासमोर उभं राहून, मला ऐकू येत नाही, पण पोरीला येतं, आणि तुझं मशीन किंचाळतंय, असं सांगून टाकलं. पैलवान एकदा आप्पांकडे आणि एकदा थोरलीकडे बघत राहिला. मग त्याने तळहात कानामागे धरला.

"काय करतंय?"

थोरली बघतच राहिली. लबाडी कसली नि काय. यानेही जन्मभर कान उघडेच ठेवले होते. एका बहिऱ्याने मशीन विकायला काढलं होतं आणि दुसरा बहिरा ते ऐकून पसंत करत होता. शेजारच्या दारातून पैलवानाची बायको बाहेर आली आणि म्हणाली, दीड महिना मी घसा फोडून सांगतेय, हे म्हणतात तुझ्या डोक्यात भरलंय काहीतरी. पैलवान ओशाळला. त्याने खोक्यातली नवी बेअरिंग आणि पाना आणून थोरलीच्या पुढ्यात ठेवला, आणि न मागता किंमतही उतरवली.

थोरली पात्यांच्या झाकणाखाली आडवी झाली. आप्पा उकिडवे बसून वरून सांगत होते, आधी पट्टा काढ, तो बोल्ट उलटा फिरतो, जोर लावू नको. पैलवान दुसऱ्या बाजूने नेमकं उलटं सांगत होता. तिने दोघांचं ऐकून घेतलं आणि आप्पांचं केलं. जुनी बेअरिंग बाहेर आली तेव्हा तिच्या गोळ्यांना गंज चढलेला होता. आप्पांनी ती पैलवानाच्या नाकासमोर धरली आणि काही बोलले नाहीत, म्हणजे किती मोठं मन.

मग थोरली सीटवर बसली. किल्ली फिरवली, इंजिन लागलं. तिने पाती चालू केली. झाकणाखालून नुसती भरीव, एकसारखी घरघर आली. तिने मुद्दाम वेग वाढवला, कमी केला, परत वाढवला. शिट्टीचं नाव नव्हतं. शुक्रवारच्या आत हिरवळ कापून होईल, हाताखाली माणूसही ठेवता येईल, हे सगळं तिच्या मनात एकदमच आलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

तिने मान वर केली. दोन्ही म्हातारे मशीनकडे बघतच नव्हते. हाताची घडी घालून ते तिच्या चेहऱ्याकडे टक लावून उभे होते. थोरलीला हसू फुटलं. ती काही सांगणार, तेवढ्यात आप्पांनी पैलवानाच्या हातावर हात मारला.

"घेतलं," ते म्हणाले.