इंजिनात बसलेला नवरा

आवडी नावाच्या तमिळ गावातल्या ट्रक अड्ड्यावर भर उन्हात शंभरेक माणसं जमली होती. बंद पडलेल्या ट्रकचं बॉनेट उघडं होतं आणि भगव्या लुंगीतला मांत्रिक सामी त्यासमोर पाऊण तास पुटपुटत होता. शेवटी त्यानं कलशातलं तीर्थ इंजिनाच्या एका कोपऱ्यात नेमकं ओतलं आणि गरजला, "ऊठ!" ड्रायव्हरच्या जागेवर बसलेल्या अमरसिंहानं चावी फिरवली. इंजिन धडधडून उठलं.

"ओम शक्ती! पराशक्ती!" गर्दी हात जोडून ओरडली.

सईबाई मात्र हात जोडायचंही विसरली. ट्रक तिचा होता. नवरा व्यंकटेश दोन वर्षांपूर्वी गेल्यापासून ती स्वतः ट्रक चालवून कोयंबेडूच्या बाजारात भाजी पोचवत होती. पण दोन महिने झाले, ट्रक तासभर चालायचा आणि रस्त्यात मरायचा. दोघा मेकॅनिकांनी फिल्टर बदलून पाहिले. मग धाकट्या दिराने, अमरसिंहाने, सामीला आणलं.

"तुझा नवरा इंजिनात बसलाय, अम्मा," सामी म्हणाला. "त्याच्या जागेवर बाई बसते, ते त्याला सोसत नाही. शुक्रवारी चावी त्याच्या भावाच्या हाती दे. आत्मा गार होईल."

सईबाईला झोप येईना. गाडी तिला व्यंकटेशनंच शिकवली होती. मग आता त्याला राग का यावा? ती गच्चीवर नुसत्या येरझारा घालत राहिली.

गच्चीवरच्या खोलीत अवनी भाड्यानं राहायची. मूळची नाशिकची, इथं एका वाहन कंपनीत इंजिन तपासायचं काम करायची. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"सईअक्का, मार्गळीच्या थंडीत बंद पडायचा?"

"नाही गं. चित्रैचं ऊन लागलं तसं सुरू झालं."

"आणि सामी आधी काय करायला लावतो?"

"बॉनेट उघडायचं. आत्म्याला वारा लागला पाहिजे म्हणतो."

अवनीला हसू फुटलं. "वारा लागतो खरा, पण सेन्सरला!"

शुक्रवारी पुन्हा तीच गर्दी. अमरसिंहानं चावीसाठी हात पुढे केला. "दे, वैनी."

"थांब जरा," सईबाई म्हणाली. तिनं स्वतःच ट्रक सुरू केला आणि खाली उतरली.

अवनीनं चहाच्या टपरीतून वायर ओढली आणि केस वाळवायचं यंत्र घेऊन चालू ट्रकच्या बॉनेटपाशी उभी राहिली. इंजिनाच्या कडेला, फिरत्या दातेरी चाकाशेजारी, अंगठ्याएवढा सेन्सर होता. तिनं गरम हवा त्याच्यावर धरली. पाच मिनिटं, सात मिनिटं. इंजिन खोकलं आणि गप्प झालं.

मग तिनं नळाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं सेन्सरला गुंडाळलं. "अक्का, आता तुम्ही बसा."

थोडं थांबून सईबाईनं चावी फिरवली. ट्रक सुरू झाला.

"माझ्याच मंत्राचा जुना प्रभाव!" सामी ओरडला.

"मग सामी, तिनं गरम हवा सोडली तेव्हा तुमचा मंत्र कुठं गेला होता?" सईबाईनं वरूनच विचारलं. गर्दीत हसू पसरलं.

टपरीवाला रामस्वामी म्हणाला, "हा सामी आधी अंबत्तूरच्या वर्कशॉपात कामाला होता. तीर्थ कुठं ओतायचं ते त्याला चांगलं ठाऊक आहे." सामीनं कलश उचलला आणि वाट धरली.

"इंजिनाचं हे दातेरी चाक कसं फिरतंय ते हा सेन्सर ट्रकमधल्या कंप्युटरला सांगतो," अवनीनं सगळ्यांना समजावलं. "आतली तार जुनी झाली आहे. तापली की सुटते, मग कंप्युटर डिझेल सोडत नाही. गार झाली की जुळते. पूजेच्या पाऊण तासात तेवढंच होत होतं."

अमरसिंह खाली मान घालून उभा होता. सईबाई त्याला म्हणाली, "इतके दिवस मी मेलेल्या माणसाची क्षमा मागत होते रे. एकानंही विचारलं नाही, ट्रक तापल्यावरच का थांबतो." मग ती गर्दीकडे वळली. "तुमच्या घरी काही बिघडलं तर आधी नीट बघा, तपासा, जाणत्याला विचारा. घरातल्या बाईवर खापर फोडायची घाई करू नका."

त्याच दुपारी नवा सेन्सर बसला. कोयंबेडूपर्यंत सईबाईचे कान इंजिनाकडेच लागले होते. ट्रक कुठंही थांबला नाही. बाजारात पोचल्यावर स्टिअरिंगवर डोकं टेकून ती पहिल्यांदा नवऱ्यासाठी मोकळेपणी रडली.