दुसरा साचा

दोघी जावा मिळून कृत्रिम दातांची लॅब चालवायच्या. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप पाठवत आणि या दोघी त्यावरून कॅपा नि कवळ्या घडवत. दोघींचे हात एकसारखे, पण तोंडं मात्र अगदी उलटी. मोठी बोलायला लागली की यंत्राचा आवाज ऐकू येत नसे आणि धाकटी बोलते आहे हे कधीकधी यंत्र बंद केल्यावरच कळे.

पण एका बाबतीत धाकटीने हट्ट पुरा केला होता. मागची खोली जुन्या रोग्यांच्या प्लास्टरच्या जबड्यांनी छतापर्यंत भरली होती. तिने एकेक जबडा स्कॅन केला, क्लाउडवर चढवला, म्हणजे एका कंपनीच्या दूरच्या कॉम्प्युटरवर भाड्याच्या जागेत ठेवला, आणि प्लास्टर पोत्यांत भरून बाहेर काढलं.

"डोळ्यांना दिसत नाही त्याला मी कपाट म्हणत नाही," मोठीने नाक मुरडलं होतं. पण मोकळ्या खोलीतली खिडकी तिच्या टेबलाला मिळाली, म्हणून ती गप्प बसली. म्हणजे तिच्या मानाने गप्प.

आणि आज सकाळी, कामाला हात लावते न लावते तोच, धाकटीला मेल आला. तुमच्या क्लाउडमध्ये परकी माणसं शिरली आहेत, संध्याकाळपर्यंत सगळं पुसलं जाईल, ताबडतोब खालच्या मदत क्रमांकावर फोन करा!

धाकटीच्या पायाखालची जमीन सरकली. कवळी मोडली की माणसं इथेच येत, जुन्या मापावर नवी करून मागत. ती सगळी मापं वर होती आणि खाली एकही उरलेलं नव्हतं. पोती बाहेर काढणारी तीच. तिने लगेच नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"घाबरू नका मॅडम, मी आहे ना," पलीकडचा माणूस गुळात घोळून बोलत होता. "आता तुमच्या मोबाइलवर एक कोड येईल. तो मला वाचून दाखवा, की मी आतून दार बंद करतो."

कोड आला. धाकटीला तर त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटत होतं. पण हात रिकामा ठेवायची तिला सवय नव्हती. बोलता बोलता तिने समोरची नवी कॅप उचलून साच्यावर बसवली. झकास बसली. मग हात आपोआप शेजारच्या दुसऱ्या साच्याकडे गेला, कारण घरचा नियमच तसा होता. ज्या साच्यावर दात घडवला त्याच साच्यावर तो तपासायचा नाही. घडवताना साचा झिजतो आणि मग त्याच्यावर चुकीचा दातही छान बसतो. म्हणून प्रत्येक दाताला दोन साचे, एक घडवायला, एक फक्त तपासायला.

दुसऱ्या साच्यावर कॅप डुगडुगली.

धाकटी कॅपकडे बघतच राहिली. इशारा खरा की खोटा, हे तिने विचारलं कुणाला? त्या इशाऱ्यानेच दिलेल्या नंबरला!

"मॅडम, कोड सांगताय ना?"

"थांबा, दुसऱ्या साच्यावर बसवून बघते."

"काय?"

तिने फोन कापला. "ताई, इकडे या! पळत या!"

तिचा एवढा मोठा आवाज ऐकून मोठी खरंच पळत आली. सगळं ऐकून घेतलं. 'सांगितलं होतं ना?' हे वाक्य तिच्या ओठांवर आलेलं धाकटीला स्पष्ट दिसलं. पण मोठीने ते गिळलं आणि स्टूल पुढे ओढलं. "मग बघत काय बसलीस? काढ ना दुसरा साचा!"

मेलमधल्या कशालाही हात न लावता धाकटीने रोजचा पत्ता स्वतः टाइप केला आणि क्लाउड कंपनीच्या खात्यात शिरली. जबडे जागेवर होते. सुरक्षेच्या पानावर कंपनीने खोट्या इशाऱ्यांचे नमुने दिले होते आणि त्यात धाकटीला आलेला मेल शब्द न् शब्द तसाच होता! खाली लिहिलं होतं, 'आमचा कुणीही माणूस तुमच्याकडे कोड मागत नाही.'

"मेल्या गुळाच्या ढेपे!" मोठीने टाळी वाजवली. "आता मदत माग. लिही, आमच्या जबड्यांना कुणी हात लावला का?"

धाकटीने मदतीच्या पानावर तसंच लिहिलं. लगेच फोन वाजला. एक बाई आपण कंपनीतून बोलतोय म्हणाली. मोठीने फोन हिसकावला, "कशावरून?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बंद केला.

"अहो ताई, त्या खऱ्या असतील!"

"खऱ्या असतील तर दुसऱ्या साच्यावरही बसतील."

आणि बसल्या! खात्यातल्या मदतीच्या पानावर त्याच बाईंचं उत्तर उमटलं, 'फोन ठेवलात, उत्तम केलंत.' दोघी पोट धरून हसल्या. पण पुढची ओळ वाचून हसू थांबलं. कुणी शिरलेलं नाही, मात्र जबड्यांचा फोल्डर सताड उघडा आहे, लिंक मिळेल तो कुणीही आत येऊ शकतो.

"हे कुणी केलं ग?" मोठीने विचारलं.

धाकटी टेबलावरचा साचा पुसायला लागली.

"बोल की!"

"मीच. तुम्ही म्हणालात, पासवर्ड बिसवर्ड मी लक्षात ठेवणार नाही. मग तुमच्यासाठी दार उघडंच ठेवलं."

मोठी पहिल्यांदाच खरोखरची गप्प बसली. मग तिने आपला मोबाइल काढून धाकटीच्या पुढ्यात ठेवला. "बंद कर ते दार. पासवर्ड तुझ्याकडे राहू दे, पण कोड माझ्या फोनवर येऊ दे. घडवणारी एक, तपासणारी दुसरी."

बाईंनी पानावर सांगितलं तसं धाकटीने सगळं केलं. दार बंद झालं. नीट लागलं का हे बघायला तिने खात्यातून बाहेर पडून पुन्हा पासवर्ड टाकला. खिडकीपाशी मोठीचा फोन वाजला.

"ताई, कोड सांगा!"

मोठीने फोन छातीशी धरला आणि चष्म्यावरून बघत म्हणाली, "आधी सांगा, आपण कोण?"