ऐनातला पोश्या

मी कंपौंडर. जव्हारच्या दवाखान्यात बाटल्या भरायच्या, पट्ट्या बांधायच्या, गळवं फोडायची आणि डॉक्टरसाहेब ठाण्याला गेले की रोग्यांची बोलणी खायची, हे मी सोळा वर्षं केलं. रोगी बरा झाला की लोक देवाचे उपकार मानतात आणि दगावला की कंपौंडरला धरतात. त्यामुळे मी दोन्ही वेळी तोंड मिटून असायचो. एकदाच नको तितकं बोललो, दाभोशाच्या माघीपाशी. त्याचा शीण अजून गेलेला नाही.

माघीचा नवरा पोश्या. १९११ साली, शिमग्याच्या थोडं आधी, त्याला चौघांनी झोळीत घालून आणलं. राबासाठी कवळ तोडायला तो ऐनाच्या झाडावर चढला होता. भाताचं रोप टाकण्याआधी आमच्याकडे जमीन फांद्या आणि पाला जाळून भाजतात, तो राब. त्या फांद्या म्हणजे कवळ. ती तोडणारा माणूस एका हाताने खोड धरतो, दुसऱ्या हाताने कोयता चालवतो आणि बाकी सगळा भार पायाच्या अंगठ्यांवर ठेवतो. पोश्याचा अंगठा सुटला. खाली कातळ होता. कपाळाचं हाड मधोमध आत बसलं होतं.

साहेबांनी चिमट्याने हाडाचे तुकडे काढले, मी परात धरली. हाडाबरोबर आणखीही काहीतरी परातीत आलं, घट्ट पेजेसारखं. "पुंजा, हा काही वाचत नाही," साहेब म्हणाले.

तो वाचला. तिसऱ्या आठवड्यात उठून बसला आणि त्याने मला आईवरून शिवी हासडली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? रोगी शिव्या द्यायला लागला की तो सुधारला असं आम्ही धरून चालतो. माघी दाराशी उभी होती. तिने त्याच्या तोंडून अपशब्द कधी ऐकलाच नव्हता. कोंबडी वाटेत बसली तर वळसा घालून जाणारा माणूस, असं त्याच्यासोबत आलेले लोकच सांगत होते.

"यो माना पोश्या नाय," ती म्हणाली. हा माझा पोश्या नाही.

साहेबांनी हात धुता धुता मला समजावलं. कपाळामागे मेंदूचा जो भाग असतो तो माणसाला आवरतो. राग, भूक, लाज यांना लगाम घालतो. याचा तो भागच गेला. आता हा असाच राहणार. हे सगळं त्यांनी मला सांगितलं, माघीला कोणीच काही सांगितलं नाही. रानातल्या बाईला मेंदूचं काय कळणार असं साहेबांना वाटलं असेल. मी तर स्वतः जामसरच्या रानातला, मला सांगता आलं असतं. पण त्या दिवशी माझ्यापुढे खरजेची तीसेक माणसं बसली होती.

पुढची तीन वर्षं माघी अधूनमधून यायची ती स्वतःच्या दुखण्यांसाठी. कधी मनगट सुजलेलं, एकदा कानामागे चुलीतल्या लाकडाचा चटका. मी मलम लावायचो, ती बोलायची. पूर्वी पोश्या तिच्याआधी उठून चूल पेटवायचा. आता त्याच चुलीवरची पेज, लेक फागी तापाने फणफणलेली असताना तिच्यासाठी ठेवलेली, तो एकटा पिऊन टाकायचा आणि रिकामं मडकं अंगणात फेकायचा. गावातल्या बायका तिला सांगत होत्या, काडी मोड आणि दुसरं घर कर. काडीमोड घेतली म्हणून आमच्याकडे बाईला कोणी नावं ठेवत नाही.

"का नाही मोडत?" मी एकदा विचारलं.

तेव्हा तिने कारण सांगितलं. तो पडला त्या दिवशी आवस होती. आवसेला झाडाला कोयता लावत नाहीत. पोश्या नको म्हणत होता. पण दोन दिवसांनी तिच्या भावाचं लगीन होतं, तिला माहेरी जायची घाई, म्हणून तिनेच त्याला वर चढवला. झाडाने रागावून पोश्याला ठेवून घेतलं आणि खाली भलताच कोणी पाठवला. त्याला ती 'घरातला' म्हणायची. दर आवसेला ती नागलीची भाकर त्या ऐनाच्या बुंध्याशी ठेवायची, हात जोडायची आणि महिन्याभराचं सगळं पोश्याला सांगायची.

"मी काडी मोडली आन झाडानी त्याला सोडला, तं तो कोनाच्या घरी येल?"

मी मलमाची डबी तिच्या हातात दिली.

चौथ्या वर्षी, ज्येष्ठाच्या तोंडावर, ती भल्या सकाळी दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली. दाभोशाहून म्हणजे काळोखातच निघाली असणार. बाजाराचा दिवस होता, पाय ठेवायला जागा नव्हती. तिची पाळी आली तेव्हा दुपार टळून गेली होती. अंगावर जखम नव्हती. जंगलखात्याच्या कारकुनाने तोडीच्या झाडांवर हातोड्याने शिक्के मारले होते, त्यात तिचा ऐनही होता. चार दिवसांत कुऱ्हाड पडणार होती.

"पुंजादादा, तो कारकून तुमच्याकडं येतो ना मान बांधायला? त्याला येवढा सांगा. बाकीचा रान तोड, पन तो येक ऐन ठेव. माना पोश्या हाय त्यात."

कारकुनाच्या मानेवर काळपुळी होती, एक दिवसाआड तो माझ्यापुढे मान वाकवून बसायचा. देवाचं झाड म्हटलं की तो शिक्का रद्द करत असे, हे मला ठाऊक होतं. एक शब्द टाकायचा होता. पण शब्द टाकला की तो विचारणार, कुठला देव, कोण बाई, तुझं काय नातं? मग मी सांगत बसणार. त्या दिवशी सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं, आणि मला वाटलं, खरं सांगून टाकावं, म्हणजे हे एकदाचं मिटेल.

मी तिला बाकावर बसवलं. स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून म्हणालो, "माघे, इथे आत मेंदू असतो. माणूस हसतो, चिडतो, दुसऱ्याच्या वाटणीची पेज पीत नाही, ते सगळं याच्यामुळे. पोश्याचा हा भाग कातळावर फुटला. मी परातीत बघितला. झाडात कोणी नाही. आवसेचाही काही संबंध नाही, तुझी चूक नाही."

तुझी चूक नाही हे ऐकून तिला हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. तिने माझ्या कपाळाकडे बघितलं.

"म्हंजे माला मारतो तो पोश्याच?"

मला हे सुचलंच नव्हतं. तीन वर्षं तिने जो मार खाल्ला तो परक्याचा म्हणून खाल्ला होता. मी घाईघाईने म्हणालो, "तो नाही गं, ती जखम मारते."

"मंग पोश्या कुठं हाय? घरात नाय. झाडात नाय. कुठं हाय?"

मी बाटल्यांच्या कपाटाकडे बघत म्हणालो, "कुठेच नाही."

ती उठली, पदर सारखा केला आणि गेली. मलमसुद्धा मागितलं नाही. दोन दिवसांनी कारकून आला, मी त्याची मान धुतली, पट्टी बांधली आणि गप्प राहिलो. आता सांगून काय उपयोग, असं मनाशी म्हटलं. माझ्या आळसाला मी नेहमी असंच काहीतरी नाव देतो.

दिवाळीनंतर देवी टोचणाऱ्याबरोबर मला दाभोशाला जावं लागलं. पाड्याच्या वरच्या अंगाला ऐनाचा बुंधा दिसला, कापलेल्या जागी काळा पडलेला. माघीचं घर टाळून मी पुढे निघालो होतो, पण तिनेच मला पाहिलं आणि हाक मारली. हातात बांगड्या नव्हत्या. कपाळ मोकळं होतं. ओट्यावर पोश्या बसला होता, धडधाकट, माशा मारत.

तिने मला पेज दिली आणि खाली बसली.

"त्याचा दिवस घातला," ती म्हणाली. मयताचा विधी, गावजेवणासकट. "तुमी सांगला ना, कुठंच नाय. मंग तो मेला. तीन वर्सा झाली मेला आन कोन रडला नाय त्याच्यासाठी. कोनी यायला तयार नव्हता, जित्या मानसाचा दिवस कोन घालतो? मी येकलीनीच घातला, त्या बुंध्यापाशी. भात केला, डाळ केली."

"आणि हा?" मी हळूच ओट्याकडे मान केली.

"यो बी आला जेवाया. दोनदा भात मागला. मंग माला इचारतो, कोन मेला?"

"तू काय सांगितलंस?"

"सांगला, तुना भाऊस."

पोश्याला भाऊ नव्हता. पाड्यातल्या पोरांनाही हे माहीत होतं.

"तं रडला," माघी म्हणाली. "ताट बाजूला सारला आन रडला. डोका फुटल्यापासून येकदाबी रडला नव्हता. लेक आजारी व्हती तवा नाय. त्या दिशी रडला. मंग मीच त्याला गप केला."

ओट्यावरून पोश्याने ओरडून शिवी दिली. त्याला भूक लागली होती. माघी उठायला लागली तर मी माझ्या हातातली पेज तिच्यापुढे केली, त्याला दे म्हटलं. ती घेऊन बाहेर गेली. जाताना म्हणाली, "भावाच्या मागं आता याला माज्याबिगर कोन हाय?"