थांब्यावर लागलेला ट्रक

ऐक ना, आधी हातातलं ठेव! आज काय झालंय ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मी ड्रायव्हरच्या सीटवरची गादी बोलतेय. हो, बुडाखालची! हसू नकोस.

आमच्या ड्रायव्हरदादांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, मला बडबड्या लेकीच्या फाटक्या जीन्समधून शिवलं. म्हणून तर मी अशी बडबडी! दादा बस चालवायचे, कंबर धरायची. चौदा वर्षं मी त्यांना खालून सांभाळलं. कापूस चपटा झाला, एक कोपरा उसवला, पण काय धमाल होती! "ओ, पुढे सरका ना!" दिवसभर तेच.

तीन महिन्यांपूर्वी आमचा रूट बंद झाला, दादांची नोकरीही गेली. शेवटच्या दिवशी दादा स्वतःचा डबा डेपोत विसरले, पण मला काखेत मारून घरी आणलं. हे मी जन्मात विसरणार नाही. मग मी घरी खुर्चीवर पडून ऐकायचे. वहिनी म्हणायच्या, "होईल हो काहीतरी," आणि स्वयंपाकघरात जाऊन रिकामे डबे हलवून बघायच्या.

आज ट्रकची ट्रायल होती. जमलं तर नोकरी, नाहीतर परत घरी. मागे काचांचा माल, शेजारी मालकीणबाई, खाली मी. दादांनी इंजिन सुरू केलं आणि नुसतेच बसून राहिले.

"निघा की!"

"हो हो. घंटीची वाट बघत होतो."

कंडक्टरची घंटी! ट्रकमध्ये! मी मेलेच हसून.

पुढे तर कहरच. जुन्या रूटवरच्या थांब्यावर एका आजोबांनी हात केला, आणि दादांनी अख्खा ट्रक थांब्याला लावला. दार बरोबर आजोबांसमोर!

"अहो, काय करताय? मागे काच आहे, पॅसेंजर नाहीत!"

"सॉरी मॅडम, हात दिसला की पाय आपोआप ब्रेकवर जातो."

तेवढ्यात आजोबा म्हणाले, "अरे, तूच ना तो बसवाला? काचेतून दिसलास म्हणून हात केला. दर मंगळवारी पायाची पट्टी बदलायला जातो. बस बंद झाल्यापासून चालतच. वाटेत तीनदा बसावं लागतं बघ."

दादा ताठ झाले. मला खालून कळतं ना. म्हणाले, "मॅडम, दवाखाना वाटेतच आहे. यांना सोडतो. मग नोकरी नका देऊ, चालेल."

चालेल म्हणे! माझा तर कापूसच गोळा झाला. बाईंनी आत सरकून आजोबांना जागा केली.

गोदामात माल उतरला. एकही काच तडकली नव्हती!

"तुमचा ब्रेक कधी लागतो कळतच नाही हो."

"जोरात दाबला की बसमधली उभी माणसं पडायची ना मॅडम, सवय लागली."

"उद्या सातला या. पण माझ्या ट्रकमध्ये पुन्हा पॅसेंजर नाही. एकदाही नाही. कबूल?"

"कबूल."

दादांनी घरी फोन लावला, "झालं गं!" पलीकडे वहिनी इतक्या जोरात ओरडल्या की मलाही ऐकू आलं. मग मला झटकून सीटवर नीट ठेवलं. नवी गादी घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मी किती नशीबवान, सांग!

पण एक घोळ झालाय. दवाखान्यापाशी उतरताना आजोबांनी विचारलं, "पुढच्या मंगळवारी याच वेळेला ना?" आणि दादा सवयीने बोलून बसले, "हो काका, या."

म्हणजे आजोबा तिथे उभे राहणारच. आणि बाईंनाही शब्द दिलाय. दादांच्या जागी तू असतास, तर काय केलं असतंस?